यादीतून सुटलेली जुडी

४ फेब्रुवारी

धाकट्या,

सहा वर्षांनी लिहितेय. अक्षर वाकडं दिसलं तर ते रागाने आलंय असं समजू नकोस, वयाने आलंय. राग वेगळा आहे, तो खाली येतोच आहे.

आज सकाळी पत्रेवाले काका पेपर फडकवत आले. आपल्या ब्रशांना पत्र्याची कडी बसवतात तेच. तुझ्या पहिल्या निवडणुकीत तुझी अनामत जप्त झाली, तेव्हा "पोरगा जास्त शिकलाय, म्हणून पडला" असं गल्लीभर सांगत फिरले होते. आता ते आमच्या ब्रशवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष आहेत. तर पेपरात तुमच्या व्यापार कराराची यादी आली आहे. करार झाला तरी ज्या मालावरची जकात उतरणार नाही, त्या मालाची. काकांनी बोट ठेवलं: "रंगाचे ब्रश, सर्व मापांचे." आम्ही हरखलोच. तुझे दाजी तर दांडे घासायचे सोडून उठून उभे राहिले. म्हणाले, "बघा, शेवटी मेहुणा कोणाचा आहे!" सहा वर्षं तुझं नाव निघालं की ज्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं, ते हे.

मग मी यादी परत वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. ब्रश आहे. जुडी नाही.

तुला सांगायला नको, पण ही पत्रं तुझ्या हाताखालचे लोक आधी फोडत असणार, त्यांच्यासाठी लिहिते. ब्रशात तीन गोष्टी असतात. केसांची जुडी, पत्र्याची कडी आणि लाकडी दांडा. कडी आणि दांडा यंत्रावर होतात. जुडी हाताने बांधायची असते. केस उकळायचे, वाळवायचे, विंचरायचे, सगळ्यांची टोकं एका अंगाला आणायची, मापात घ्यायचे आणि दोऱ्याने आवळायचे. या चार गल्ल्यांतली तीनशे घरं एवढंच करतात, आणि बांधणाऱ्यांत बहुतेक बायका आहेत.

आता तुमच्या यादीने काय होईल? तयार ब्रशावर जकात राहील. नुसती जुडी आली तर ती "इतर माल" म्हणून बिनजकात आत येईल. मग कोण शहाणा ब्रश आणेल? पेट्या भरभरून जुड्या आणतील, इथे कडी ठोकतील, दांडा खुपसतील आणि वर "इथे बनला" असा शिक्का मारतील. पत्रेवाले काका जगतील. तुझे दाजी दांडे घासत राहतील. आम्ही बांधणाऱ्या मात्र हात मांडीवर ठेवून बसू.

सह्या २८ मार्चला आहेत असं छापलंय. चूक कुठे झाली, कोणाकडून झाली, मला काही ठाऊक नाही. तू देशाच्या वतीने बोलणी करणाऱ्यांचा म्होरक्या आहेस. दुरुस्त कर.

ताई

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या सचिवाचं. "आपले निवेदन प्राप्त झाले असून त्याची नोंद घेण्यात आली आहे. सदर यादी संबंधित उद्योगांनी भरून दिलेल्या माहितीच्या आधारे तयार करण्यात आली आहे."

निवेदन! मी काय चौकात उपोषणाला बसलेय? बहिणीच्या पत्राला निवेदन म्हणणारा माणूस तू कुठून शोधून काढलास?

आणि "भरून दिलेल्या माहितीच्या" हे वाक्य मला नकोय. कागद भरणारं माणूस असतं, ते चुकतं. त्याच्यावर बोट दाखवून मोकळं होणं तुला शोभत नाही. त्यात शिरू नकोस.

आता तुला वाटेल, ताईने सहा वर्षं तोंड फिरवलं ते तू दाजींच्या आजारपणात आला नाहीस म्हणून. नाही रे. तेव्हा तुझं अधिवेशन चालू होतं, ते मला कळत होतं. राग तुझ्या पुस्तकाचा आहे. ज्या जाड पुस्तकाने तुला कॉलेजातून उचलून मंत्रालयात नेऊन बसवलं, ते. ते मी वाचलंय. शाळा चौथीत सुटली म्हणून काय झालं, शब्दकोश चौथी पास-नापास विचारत नाही. त्या परक्या भाषेतलं एकेक पान उकलत पुस्तक संपवायला चार महिने लागले. आणि पान २१२ वर मी भेटले! "माझी बहीण ब्रश बांधते. तिचा धंदा भिंतीच्या सावलीत वाढलेलं झाड आहे. भिंत पाडल्याशिवाय त्याला मुळं आहेत की नाहीत, हे कळणार नाही."

तुला उदाहरण पाहिजे होतं तर साखर कारखाना घ्यायचास, कापडगिरणी घ्यायचीस. घरातलंच सापडलं? आणि जिच्या शेजारी बसून तू वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत जुड्या बांधल्यास, तिला न विचारता?

पण मी अर्ध्यावर पुस्तक मिटणारी नाही. पान २१९ वर तू लिहिलंयस की बाहेरच्या मालाशी गाठ नसल्याने आमचे ब्रश निकृष्ट झालेत, रंग मारताना केस गळतात. ते वाचून मला आणखी राग आला, कारण ते खरं होतं. जुडीच्या पोटात आखूड केसांची भर घालायची सगळ्यांनाच सवय लागली होती, मलाही. ते पान वाचलं त्या दिवसापासून माझ्या कारखान्यात भर बंद आहे. दोन बायका त्यावरून भांडून निघून गेल्या, त्यातली एक परत आली. आमचा ब्रश आता गळत नाही. हे तुला सहा वर्षांत कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर "मी म्हणत होतो ना" म्हणाला असतास, आणि तुझा तो चेहरा मला बघायचा नव्हता.

तेव्हा भिंत, मुळं वगैरे मला शिकवू नकोस. मी तुझी सगळ्यात मन लावून अभ्यास करणारी विद्यार्थिनी आहे. जुडी यादीत घाल.

ताई

२५ फेब्रुवारी

धाकट्या,

काल घरी दोन पाहुणे येऊन गेले. दोघांना तुझंच काम होतं, एकाला तुला वाचवायचं होतं आणि एकाला बुडवायचं.

आधी विरोधी पक्षाचे वकीलसाहेब आले. काय गोड बोलतात रे! येता येताच माझ्या पाया पडले. नऊ मार्चला राजधानीत या यादीवर खुली सुनावणी आहे, तू अध्यक्ष असलेल्या समितीपुढे, तिथे मी बोलावं म्हणाले. "ताई, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं: सख्ख्या भावाने बहिणीचा गळा कापला. बाकी आम्ही बघतो."

दाजी कोपऱ्यातून म्हणाले, "गळा आहे की अजून. सकाळपासून माझ्यावर ओरडतेय."

वकीलसाहेब हसले नाहीत. पत्रेवाले काका मात्र त्यांच्या बाजूने. "धाकटा आपला असता तर एव्हाना फोन आला असता," म्हणाले. मी विचार करते म्हटलं.

दुपारी तुझा सचिव आला. पत्रात खडूस वाटतो, समोर बरा आहे. खुर्ची दिली तर नको म्हणाला आणि बांधणाऱ्या बायकांमध्ये पाटावर बसला. बूट काढून बसला, हे मला आवडलं. त्याने तुझ्याकडून आणलेल्या गोष्टी सांगितल्या. बांधणाऱ्यांसाठी शिवणकामाचं प्रशिक्षण. मला वयोवृद्ध कारागीर म्हणून मानधन. मी म्हटलं, "पन्नास वर्षं केस विंचरलेल्या बाईला सुईत दोरा ओवायला लावता? आणि मला मानधन कशाचं, गप्प बसण्याचं?"

तो बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, "ताई, साहेबांची अडचण समजून घ्या. यादी आता उघडली तर समोरच्या देशाचे लोक त्याची किंमत मागतील. आणि यादी चुकली कशी, असं सभागृहात विचारलं तर साहेब काय सांगणार? तुमच्या संघाने भरलेला फॉर्म त्यांनी स्वतःच्या खणात कुलूप लावून ठेवलाय. कोणाला दाखवायचा नाही म्हणाले. सरळ सांगितलं, चूक माझ्या खात्याची म्हणून नोंदवा."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मला घरातला उजेड एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं.

आता लिहितेच. मागच्या वर्षी तुझ्या खात्याचा फॉर्म संघाकडे आला, तेव्हा पत्रेवाले काकांनी तो माझ्यापुढे टाकला. म्हणाले, "तू पुस्तकं वाचणारी, तूच भर." मी भरला. तयार माल: "रंगाचे ब्रश, सर्व मापांचे." त्याखाली रकाना होता, अर्धवट तयार माल. तिथे मी "निरंक" लिहिलं. हा सरकारी शब्द मला येतो, याचा आनंद झाला होता मला. वळणदार अक्षरात लिहिलं, खाली रेघसुद्धा मारली. जुडी डोक्यात आलीच नाही. जुडी हा माल आहे असं आपल्यातलं कोणीच समजत नाही. ती कोणी विकत नाही, कोणी विकत घेत नाही, ती एका घरातून दुसऱ्या घरात टोपलीतून जाते. आमच्या लेखी ते काम आहे, वस्तू नाही. यादी आली त्या दिवशी तिसऱ्या वाचनात मला सगळं उमगलं होतं. पहिल्या पत्रात "मला काही ठाऊक नाही" लिहिलं ते खोटं होतं.

तीनशे घरांचा घास एका शब्दाने मी घालवला, आणि तीन आठवडे तुला शिव्या देत बसले. आणि तू फॉर्मवरचं माझं अक्षर ओळखूनही गप्प बसून त्या खाल्ल्यास.

ताई

१ मार्च

धाकट्या,

हे छोटंसं पत्र सचिवाच्या नावाने वेगळं पाठवतेय, तूच फोडावंस म्हणून.

मला पाठीशी घालू नकोस. तू लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या बरण्या स्वतःच्या नावावर घ्यायचास, तेव्हा फटका एक पडायचा आणि विषय संपायचा. इथे विषय संपत नाही. तू चूक खात्याची म्हणून गिळलीस, तर ती दुरुस्त करायचं कारणही तूच गिळलंस. खात्याची चूक म्हटली की खातं ती झाकणार. धंदेवाल्यांचीच चूक म्हटली, तर निदान ऐकून घ्यावी लागेल.

मी नऊ तारखेला येतेय. वकीलसाहेबांच्या गाडीने नाही, स्वतःच्या तिकिटाने. तिथे मी काय बोलणार ते तुला आधी सांगणार नाही, कारण तू मला अडवशील. संघात सांगितलं. पत्रेवाले काका पांढरे पडले. "अगं, लोक तुला काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे, फक्त जुडीबद्दल बोलू दे."

बायकांनाही सांगितलं, सगळ्यांना बसवून. मग भांडून जाऊन परत आलेली ती बाई म्हणाली, "आम्हाला फॉर्म वाचायला दिला असता, तर आम्हीही निरंकच म्हटलं असतं." तिने मला माफ केलं की टोचलं, अजून कळलेलं नाही.

ताई

१० मार्च

धाकट्या,

काल तू त्या उंच मधल्या खुर्चीत होतास, त्यामुळे बोलता आलं नाही. म्हणजे बोललो, पण ते सरकारी कागदात गेलं. दाजींना सगळं रंगवून सांगून झालं, तुला पण माझ्या बाजूने सांगते.

माइकवाल्याने पाच मिनिटं दिली. धंदा विचारला, सांगितला. "समितीतील कोणाशी नातं?" असं त्याने सवयीने विचारलं, मान वर न करता. मी म्हटलं, "अध्यक्षांची सख्खी बहीण." तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या. वकीलसाहेब पहिल्या रांगेत असे बसले होते, जसं त्यांचंच लग्न आहे.

मग मी फॉर्मची आमच्याकडची प्रत काढून वाचली. म्हटलं, हा "निरंक" माझ्या हातचा आहे. खात्याचा नाही, मंत्र्यांचा नाही. आम्ही जुडी कधी विकली नाही म्हणून ती मालात धरली नाही. "शिंपी सदरा विकतो, टाके विकत नाही. त्याला तुम्ही टाक्यांची यादी मागितलीत, तर तोही गडबडेल."

वकीलसाहेबांचा चेहरा बघायला हवा होतास. पण तू कागदात बघत होतास.

मग तू घसा साफ केलास आणि बहिणीला "बाई" म्हणालास.

"बाई, एक जुडी बांधायला किती वेळ लागतो?"

"अध्यक्ष महोदय, मला अडीच मिनिटं लागतात. तुम्हाला सहा लागायची."

सगळं सभागृह हसलं. टिपणं घेणारी मुलगीसुद्धा हसली, मग घाबरून तुझ्याकडे बघायला लागली. तू हसला नाहीस. चष्मा काढून पुसलास, आणि विचारलंस, "आणि भर घातली तर?"

"भर घातली तर दीड. पण आमच्याकडे सहा वर्षं भर बंद आहे."

"का?"

"एका पुस्तकात वाचलं म्हणून."

घंटा वाजली. माझी पाच मिनिटं संपली.

बाहेर वकीलसाहेबांनी गाठलं. "ताई, तुम्ही आमच्या हातातला दगडच काढून घेतलात." म्हटलं, "तो माझ्या भावाला मारायला होता. मी कशी धरू?" पेपरवाल्यांनी फोटो काढले. आजच्या पेपरात मथळा आहे, "मंत्र्यांच्या बहिणीची कबुली". फोटोत मी कोणाला तरी दम देतेय असं दिसतंय. खरं तर मी पाणी मागत होते.

आता चेंडू तुझ्याकडे आहे. अठरा दिवस राहिलेत. मला उत्तर नको. यादी पाहिजे.

ताई

६ एप्रिल

धाकट्या,

यादी आली. ब्रशांच्या खालीच: "ब्रशासाठी बांधलेल्या जुड्या." काकांनी ती ओळ कापून कारखान्याच्या दाराला चिकटवली आहे. जकात एकदम जाणार नाही, आठ वर्षांत थोडी थोडी उतरेल, असं लिहिलंय. म्हणजे भिंत पडणारच आहे, पण आमच्या अंगावर नाही. आठ वर्षं पुष्कळ झाली. तोवर आम्ही असा ब्रश करू की तुझ्या समोर बोलणीला बसलेल्या परदेशी लोकांच्या घरच्या भिंती त्याने रंगवल्या जातील. यात मी बढाई मारत नाहीये. भर बंद केल्यापासून दोन बाहेरचे व्यापारी आपणहून येऊन गेलेत.

त्यांनी किंमत काय मागितली तेही वाचलं. फळांच्या बाटलीबंद रसावरची जकात दोन वर्षं आधी उतरवायची. तिथेही कोणीतरी फळं सोलत बसलेलं असेल. ते मनातून जात नाही. रसवाल्यांच्या संघाला मी पत्र लिहिलंय, की फॉर्म भरताना काय काय विसरता येतं ते सांगायला मी येईन. अजून उत्तर नाही. शिव्या आल्या तरी जाणार आहे.

आणि तुझं पदही गेलं, तेही वाचलं. बोलणी करणाऱ्यांच्या गटातून काढलं, आणि वर पक्षाची चौकशी, की मंत्र्याने देशाची यादी बहिणीसाठी उघडली. प्राध्यापक, मंत्री, म्होरक्या, सगळ्या पायऱ्या तू एकेक करून चढलास, आणि खाली मात्र तुला एकदम ढकललं.

परवा तुमच्या पक्षाचा माणूस आला होता. हातात टाइप केलेला कागद. "माझा व माझ्या बंधूंचा गेली सहा वर्षे कोणताही संपर्क नाही, व सदर निर्णयाशी माझा काहीही संबंध नाही." खाली सहीपुरती जागा. म्हणाला, "ताई, एवढी सही केलीत की साहेब सुटले. आणि खोटं तरी कुठे आहे? तुम्ही बोलत नव्हतातच."

खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं. तू सुटशील म्हटल्यावर माझा हात कुठेही सही करेल. दाजींनी दांडा घासायचा थांबवला.

मी कागद परत केला. म्हटलं, या वर्षी मी पाच पत्रं लिहिलीत आणि त्याने ती वाचली आहेत. वाचली नसती, तर भरीचा प्रश्न त्याला सुचला नसता. उद्या चौकशीत ती पत्रं निघाली तर मी खोटी ठरेन, आणि नाही निघाली तरी मला ती लिहिल्याचं आठवेल. आणि माझा संबंध नाही कसा? पन्नास वर्षं जुड्या बांधणाऱ्या बाईचा जुडीच्या ओळीशी संबंध नाही, तर काय रस विकणाऱ्याचा आहे?

तो म्हणाला, "मग साहेबांना पक्षातून काढतील."

म्हटलं, "काढू देत. त्याला अनामत घालवायची सवय आहे."

रागावू नकोस. तू मला पाठीशी घालताना मला विचारलं नव्हतंस, मीही नाही विचारलं. आता फिट्टंफाट झाली.

चौकशीची तारीख कळव. मी येणार आहे, साक्षीला बोलावलं नाही तरी. गाडी पाठवू नकोस. ते तुला विचारतील, बहिणीसाठी केलंस का? हो म्हण. धाकट्या, लपवू नकोस, हो म्हण. त्या टेबलाभोवती बसलेल्यांत जुडी बांधलेला माणूस तू एकटाच होतास, आणि तिथे बसल्यावर ते विसरायला पाहिजे असा नियम असेल, तर तो त्यांनी आमच्या तीनशे घरांसमोर येऊन वाचून दाखवावा. मी कारखान्यात खुर्च्या मांडून ठेवते.

आणि पुन्हा असंच करशील का असं विचारलं, तर माझ्याकडे बघू नकोस. ते तुझं तू सांग. मी मागच्या रांगेत बसून ऐकते.

ताई